जिओकॅशिंगला निघताय? आधी शिसपेन्सिल घ्या, मग पुढचं वाचा

रविवारी नाशिकला त्र्यंबक रोडच्या बाजूला जिओकॅशिंगचे डबे, म्हणजे कुणीतरी लपवलेले आणि मोबाईलच्या जीपीएसवर शोधायचे डबे, शोधायला काही मंडळी पहिल्यांदाच निघालीयेत आणि "काय काय न्यायचं रे" हा एकच प्रश्न मला चारी बाजूंनी आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो, परत विचारू नका. पाणी, टोपी, बूट, पॉवर बँक हे तुम्हाला कळतं. शिसपेन्सिल घ्या. पेन नाही, शिसपेन्सिल. मागच्या श्रावणात मी चांगलं महागातलं जेल पेन खिशाला लावून गेलो, झाडाझुडपांत भरपूर वेळ घालवल्यावर डबी हातात आली, आतला कागद दमट होता, आणि जेलने काढलेलं पहिलंच अक्षर पसरून निळा डाग झाला. भाच्याचं बॉलपेन घेतलं तर ते ओल्या कागदावरून नुसतं घसरत होतं, जोर दिला तर कागद फाटला. मग काडीला चिखल लावून सही करायचाही प्रयोग झाला, त्याचं वर्णन करत नाही. घरी येऊन जिओकॅशिंगच्या साइटवर "सापडला" म्हणून नोंद टाकली, तर डबा लपवणारा कडक निघाला, त्याने जाऊन कागद बघितला, नाव नाही म्हटल्यावर नोंद उडवली. आणि बरोबरच होतं त्याचं, आतल्या कागदावर नाव नसेल तर साइटवर सापडला म्हणायचं नाही हा नियमच आहे.

ज्यांना कुणीतरी ओढून नेतंय त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण कुठेतरी डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकतो, तुम्ही मोबाईलचा जीपीएस धरून तिथे जाता, डबा शोधता, आतल्या वहीत नाव-तारीख लिहिता, डबा होता तसा ठेवता, घरी येऊन साइटवर नोंद टाकता. झालं. 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने तिकडे ऑरेगॉनमध्ये बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले, तिथून हे खूळ सुरू झालं. त्या बादलीत वही होती आणि पेन्सिल होती. पेन्सिल, बघा. तेव्हा बादली होती म्हणून पेन्सिल आत मावली. आता बरेचसे डबे मायक्रो असतात, म्हणजे 100 मिलीच्या आतले, जुन्या फोटोरोलच्या डबीएवढे, आणि नॅनो तर बोटाच्या पेराएवढा, त्यात कागदाची पट्टीच कशीबशी गुंडाळून बसवलेली असते, पेन्सिल कुठून येणार. ती तुम्हीच न्यायची.

आदल्या रात्रीचं काम आधी सांगतो कारण निम्मे लोक ते करतच नाहीत आणि मग डोंगराखाली उभं राहून "रेंज येत नाहीये" म्हणून गोल गोल फिरतात. जीपीएसला मोबाईलची रेंज लागत नाही, पण नकाशाला आणि डब्याच्या पानाला लागते. त्र्यंबककडच्या डोंगरांमागे गेलात की रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. अँड्रॉइडवाल्यांनी सी-जिओ हे फुकट अ‍ॅप घ्या, त्यात डब्याचं अख्खं पान फोनमध्ये साठवता येतं. आयफोनवाल्यांनी काही नाही जमलं तर सरळ स्क्रीनशॉट काढा, आकड्यांचा, वर्णनाचा आणि हिंटचा. हिंट उलटसुलट अक्षरांत दिसली तर घाबरू नका, ती मुद्दाम तशी असते, बटण दाबलं की सुटते.

आकडे नीट वाचा. इथे लोक हमखास आपटतात. साइटवर आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात, म्हणजे 20 अंश 00.500 मिनिटं असं. ते .500 म्हणजे अर्धं मिनिट, तीस सेकंद. कुणी ते पन्नास सेकंद समजून टाकलं की वीस सेकंदांचा फरक पडतो आणि तुम्ही सहाशे मीटर भलतीकडे जाता, सहाशे मीटर म्हणजे ओढ्याच्या पलीकडचा डोंगर. शेवटच्या आकड्याची किंमत जेमतेम पावणेदोन-दोन मीटर, त्यात मोबाईल उघड्या आकाशाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, कातळाच्या भिंतीशी किंवा दाट झाडीत त्याहून जास्त. म्हणजे बाण "पोचलात" म्हणाला की शोध तिथून सुरू होतो, बाणाखालीच खणत बसू नका. खरं तर खणूच नका, डबा पुरायला मनाई आहे, जमीन उकरायची वेळ आली म्हणजे तुम्ही चुकीच्या जागी आहात.

पानावर डी आणि टी असे दोन आकडे असतात, एक ते पाच. डी म्हणजे शोधायला किती अवघड, टी म्हणजे तिथवर पोचायला किती अवघड. टी पाच म्हणजे दोर, होडी असलं काहीतरी लागतं, आजोबांना घेऊन निघू नका. आणि आधीच्या लोकांच्या नोंदी वाचा. शेवटच्या दोन-चार नोंदी "सापडला नाही" असतील तर डबा बहुतेक गेलाय, पेट्रोल वाचवा. कुणी "कागद ओला आहे" लिहिलं असेल तर काय न्यायचं ते मी वर लिहिलंय. आपल्याकडे एकूणच डबे कमी आणि लपवणाऱ्यांतले काही बदली होऊन गावं सोडून गेलेले, त्यामुळे जुन्या डब्याचा कागद कुणी बदलला असेल अशी आशा धरू नका, दमटच असेल असं धरून चाला.

आता पिशवी. शिसपेन्सिल दोन, कारण एकीचं टोक पिशवीत मोडतंच. अख्खी लांब नको, पोरांच्या कंपासपेटीत उरलेले तुकडे असतात ना, ते बेस्ट, खिशात टोचत नाहीत, टोकाला पेनाचं टोपण घाला. छोटं शार्पनर. शिसं पाण्याने पसरत नाही, दमट कागदावरही उमटतं, आणखी काय सांगू. नॅनोसाठी भुवयांचा चिमटा घ्या, घरात विचारून घ्या, पट्टी त्या नळीतून बोटाने निघत नाही आणि आत परत घालायला तर आणखी त्रास. कोऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या आणि दोन लहान झिपवाल्या पिशव्या, म्हणजे आतला कागद भरला किंवा लगदा झाला असेल तर एक पट्टी जोडून देता येते, जुना कागद मात्र फेकायचा नाही, तो लपवणाऱ्याचा आहे. टॉर्च, दिवसासुद्धा, कारण खोबणीत हात घालायच्या आधी उजेड टाकायचा. काठी. बागकामाचे हातमोजे. कचऱ्यासाठी एक मोठी पिशवी, येताना चिप्सची पाकिटं आणि बाटल्या गोळा करत या, या खेळात ती जुनी रीत आहे आणि आपल्या धबधब्यांच्या वाटांवर पिशवी भरायला वेळ लागत नाही. शिसपेन्सिल टाकली का? आत्ता उठून टाका, सकाळी आठवणार नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पँट लांब, तीन-चतुर्थांश घालून फोटो चांगले येतात पण दिवाळीच्या सुमाराला गवताची कुसळं पायमोज्यांत शिरली की घरी येऊन तासभर वेचत बसावं लागतं. खाजकुयली ओळखता येत नसेल तर कुठल्याही मखमली शेंगेला हात लावू नका. डिओ-अत्तर मारून येऊ नका, कातळाला आग्या मोहोळं असतात, आणि तिथे धूर, आरडाओरडा, दगड मारणं यातलं काहीही कुणी केलं तर मी ओळख दाखवणार नाही. फुरसं लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं, दगडाखाली असतं, आणि डबाही दगडाखालीच असतो. म्हणून दगड उचलताना पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. चावलंच तर बांधाबांध, चिरे, मांत्रिक काही नाही, 108 ला फोन आणि थेट मोठं सरकारी हॉस्पिटल. पावसाळ्यात ओढा ओलांडायचा असेल तर परतीचा विचार आधी, दुगारवाडीला पाणी अचानक वाढून लोक पलीकडे अडकलेत, डबा तिथे पुढच्या आठवड्यातही असतो.

लोकांशी काय बोलायचं हे कुठल्या परदेशी माहितीत मिळणार नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. खेळाच्या भाषेत ज्याला हा खेळ माहीत नाही तो मगल, आणि मगलसमोर डबा काढायचा नाही असा दंडक आहे, बघणाऱ्याने नंतर कुतूहलाने उघडला की डबा गेला. तिकडे पार्कात हे ठीक आहे. आपल्याकडे डोंगराच्या पायथ्याला चार शहरी माणसं दगड उचलून बघतायत, मोबाईल आकाशाकडे धरतायत, कुणी आलं की गप्प होतायत, हे बघून गावातल्या माणसाच्या मनात एकच गोष्ट येते, गुप्तधन. आणि ती आली की गंमत संपते. त्यामुळे "खजिना" हा शब्द तोंडातून काढायचा नाही, गमतीतही नाही. आमच्यातल्या एकाने गुरं राखणाऱ्या बाबांना हसत हसत "खजिना शोधतोय बाबा" म्हणून सांगितलं, बाबा काही बोलले नाहीत, काठी टेकत खाली गेले आणि थोड्या वेळाने सहा-सात जणांना घेऊन वर आले. मग मोबाईल दाखवा, साइट दाखवा, डबा उघडून आतला प्लास्टिकचा बेडूक दाखवा, तेव्हा कुठे चहा झाला. तेव्हापासून मी आधीच जाऊन सांगतो, "राम राम बाबा, मोबाईलवरचा खेळ आहे, एक डबी शोधायची, नाव लिहायचं, परत ठेवायची, काही नेत नाही, काही खणत नाही." बहुतेक वेळा तेच म्हणतात, "ती होय, त्या उंबराखाली हाये, मागं ती पोरं आली व्हती." असं कुणी सांगितलं तर ते नोंदीत लिहू नका.

याच कारणाने डब्यात लिंबू, मिरची, हळद-कुंकू, अंगारा, कुठल्याही देवाचा प्रसाद ठेवायचा नाही. कौतुकाने ठेवाल, पण पुढचा माणूस तो डबा करणी समजून हातही लावणार नाही, किंवा थेट जाळेल. गावातल्या लहान मुलांना डब्यातली खेळणी वाटत बसू नका, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा कधी उठतील सांगता येत नाही, मुलांशी बोलायचंच तर त्यांच्या घरच्यांसमोर बोला.

शेतांचं तर वेगळंच. बाण सरळ रेषेत दाखवतो, त्याला द्राक्षबाग कळत नाही. दिंडोरीकडे किंवा निफाडकडे गेलात तर बाण हमखास कुणाच्यातरी बागेतून जातो, तुम्ही मात्र बांधावरून किंवा गाडीरस्त्याने वळसा घालून जायचं, बागेत फवारणी चालू असते, माल तयार असताना राखण असते, कुत्री असतात. उसात शिरायचं नाही, बिबट्या हा नाशिककरांना वेगळा सांगायला नको. अंजनेरीच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात वाट सोडून फिरू नका, तिथे जगात फार थोड्या जागी उगवणारी कंदीलपुष्पं आहेत, बुटाखाली गेलेली कळतही नाहीत. पांडवलेण्यासारख्या संरक्षित स्मारकात भेगांमध्ये बोटं घालणं, दगड हलवणं बिलकुल नाही, डबा तिथे आत असणारच नाही, नियमात बसत नाही. देवळालीची लष्करी हद्द, ओझरचा विमानतळ, नोटांचा छापखाना, धरणांच्या भिंती, या ठिकाणी मोबाईल हातात धरून झुडपात वाकायचं असेल तर घरच्यांना आधी सांगून जा, मी सोडवायला येणार नाही. आणि सिंहस्थाच्या गर्दीच्या काळात रामकुंड, पंचवटी, तपोवन या भागात शोधाशोध बंद, बेवारस डबा दिसला की पोलिसांनी काय करायचं ते ठरलेलं आहे.

जागेवर पोचलात की आधी पाच मिनिटं नुसतं बघा. तुम्ही लपवलं असतं तर कुठे, असा विचार करा. अनैसर्गिक रचलेले दगड, झाडाच्या बेचक्यात नीट बसवलेली साल, लोखंडी पाइपच्या मागे चुंबकाने चिकटलेलं काहीतरी. फांद्या तोडू नका, दगडांची वरंडी मोडू नका, जे हललं ते परत लावा. एकाला सापडला तर त्याने ओरडायचं नाही, बाजूला जाऊन बसायचं, बाकीच्यांनाही शोधू द्यायचं, हे लहान मुलांना जमतं, मोठ्यांना नाही. डबा काढताना कसा बसवला होता याचा फोटो घ्या, परत तसाच, तितक्याच झाकून ठेवायचा आहे, तुम्हाला जास्त चांगली जागा सुचली तरी तिथे नाही.

मग सही. दमट कागद टिपून घ्या, मांडीवर सपाट धरा, आणि शिसपेन्सिलने नाव, तारीख. पट्टी लहान असेल तर सगळ्या ग्रुपचं मिळून एक नाव, कविता नको. पेन्सिल परत पिशवीत टाका, तिथेच दगडावर विसरू नका, पुढच्या डब्याला लागेल. हो, लागेलच.

डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच किमतीची किंवा बरी वस्तू ठेवा. गोट्या, भोवरा, किचेन, बिल्ला चालतं. खायचं काही नाही, चिवडा नाही, बेदाणे नाहीत, गोळ्या-चॉकलेट नाही, मुंग्या आणि माकडं डबा फोडतात. त्या पहिल्या बादलीत बीन्सचा डबा होता आणि ती अर्धी जमिनीत पुरलेली होती, आता दोन्हीला बंदी. चाकू, काडेपेटी, औषधं, दारू नाही. नंबर कोरलेली नाण्यासारखी किंवा बिल्ल्यासारखी वस्तू दिसली तर ती ट्रॅकेबल, ती कुणाच्या मालकीची असते, पुढच्या डब्यात नेऊन ठेवणार असाल तरच उचला.

नाही सापडला तर "सापडला नाही" अशी नोंद टाका, लाज वाटायचं काही नाही, लपवणाऱ्याला तेवढंच कळतं. स्वतःची डबी तिथे टाकून "सापडला" लिहायचं नाही. घरी येऊन नोंदीत दोन वाक्यं तरी लिहा, जागा उघडी पडेल असा फोटो नको, ट्रॅकेबलचा नंबर फोटोत दिसायला नको. कागद भरत आला असेल तर तेही लिहा.

कुणी लगेच स्वतःचा डबा लपवायला निघणार आहेच, त्याच्यासाठी पटकन: दुसऱ्या डब्यापासून 161 मीटर लांब, जमीनमालकाची परवानगी, घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, डब्यावर हे काय आहे ते मराठीतही लिहिलेलं, देऊळ-शाळा-स्टँड सोडून, आणि पावसाळा संपला की जाऊन कागद बदलायची तयारी. आकडे दोन-तीन वेगळ्या वेळी घेऊन सरासरी काढा. आता रविवारचं: गाड्या त्र्यंबक रोडवरच्या पपया नर्सरीपासून एकत्र काढा, गावात कुणाच्या खळ्यासमोर लावू नका, चिखलात रुतली तर ट्रॅक्टरवाल्याशी घासाघीस करू नका.